कण्हेरीला सशाची भीती

मित्रांनो, मी एक जुनी कण्हेर आहे आणि मला सशाची भीती वाटते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ज्याला तुम्ही भित्रा म्हणून चिडवता, कुठं खुट्ट झालं की जो कान टवकारून धूम ठोकतो, त्या एवढ्याशा जिवापुढं दोन पुरुष उंचीचं झाड थरथरतं, हे ऐकून कुणालाही गंमतच वाटायची. पण माझी सगळी हकीकत ऐकलीत की तुम्ही हसणार नाही, याची मला खात्री आहे.

नालासोपारा पश्चिमेला, गास गावात, एका वाडीच्या कोपऱ्यात मी उभी आहे. मी काही बी पडून उगवलेली नाही. दयाराम नावाच्या बागायतदारानं आगाशीच्या सोयऱ्यांकडून हातभर लांबीच्या फांद्या तोडून आणल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून सायकलला बांधल्या आणि इथं कुंपणाच्या कडेनं खोचल्या. बाकीच्या कुजून गेल्या. मी तेवढी चिवटपणानं मूळ धरून राहिले. तेव्हा या वाडीत केळीच्या रांगा होत्या, मोगऱ्याचे वाफे होते, दुधीचे मांडव होते, आणि रस्त्यानं येणारी-जाणारी मोकाट गुरं नेमकी त्यांच्यावर टपलेली असत. मला लावलं ते त्या गुरांसाठी. ती माझ्यापाशी येत, मला हुंगत आणि मान फिरवून पुढं जात.

मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा! माझ्या गुलाबी फुलांचा थाट बघून ही ढोरं मला मान देतात, अशी माझी समजूत होती. लहानपणी कुणाची समजूत कशी असते, सांगता येत नाही.

ती समजूत उतरली एका दुपारी. दयारामाची लेक चंद्रकांता तेव्हा फ्रॉकातली पोर होती. तिनं माझं एक पान तोडलं, त्याची सुरळी केली आणि पिपाणी करायला तोंडात धरली. दयाराम वाफ्यातून असा धावत आला की पायातली वहाण चिखलातच राहिली. त्यानं तिच्या तोंडातून पान ओढून काढलं. "थूक! आधी थूक म्हनतो ना!" असं ओरडत त्यानं तिला विहिरीपाशी नेलं आणि तिच्या इतक्या चुळा भरवल्या की पोरगी रडून रडून दमली. मग तिला कुशीत घेऊन तो स्वतःच रडायला लागला. "जहर हाय ते, पोरी. पान, फूल, साल, मूळ, सगळं जहर."

मित्रांनो, आपल्या अंगात विष आहे हे दुसऱ्याच्या तोंडून कळणं फार वाईट. त्या दिवसापासून मी मान घालून उभी राहायला शिकले.

तरी पुढची वर्षं चांगली गेली, उगाच रडगाणं गाणार नाही. मी बारा महिने फुलले. माझी फुलं टोपलीतून दादरच्या फूलबाजारात गेली, सोमवारी शंकराला वाहिली गेली. पाण्यावाचून, खतावाचून मी कधी कुरकुर केली नाही. माझी कितीतरी भावंडं महामार्गाच्या दुभाजकावर धूर खात उभी आहेत, त्यांच्या मानानं माझं बरंच चाललं होतं. मग दयाराम गेला. वाडी तुकड्या-तुकड्यानं विकली गेली, तिन्ही बाजूंनी इमारती उठल्या, आणि मधे उरलं एक बैठं घर, त्याचं अंगण, थोडी झाडं, मोगऱ्याचे चार वाफे आणि मी. माझ्याकडे बघायला कुणाला सवड राहिली नाही. दयारामाचा मुलगा चंद्रहास वालीवला एका कारखान्यात सुपरवायझर झाला. त्याची बायको विनिता मुंबईला नोकरीला जाऊ लागली. चंद्रकांतेनं लग्न केलं नाही. ती घर, मोगरा आणि भावाची मुलगी सांभाळत राहिली. ती मुलगी म्हणजे ऋतिका, चौथीत आहे. चंद्रकांता आता तिची आत्या, केस पिकलेली, चष्म्यातून गजरे ओवणारी.

आणि मग या घरात ससा आला.

तो आणला सेलिनबाईंनी. त्या आमच्या शेजारीण. त्यांच्याकडे पूर्वापार ससे, कोंबड्या, बदकं. ऋतिकानं वर्षभर हट्ट धरला तेव्हा त्यांनी एक तपकिरी पिल्लू टोपलीत घालून भिंतीवरून दिलं. रंग बघून ऋतिकानं त्याचं नाव ठेवलं रताळू. नाव ऐकून चंद्रहास पोट धरून हसला. मीही हसले असते, पण रताळूला टोपलीतून खाली सोडलं आणि तो नाक हलवत, उड्या मारत सरळ माझ्याकडे आला.

माझ्या सावलीत बसला तो. त्याला काय ठाऊक! त्यानं आधी एक गवताची काडी खाल्ली. मग चंद्रहासच्या चपलेचा अंगठा कुरतडून बघितला. मग तिथंच पडलेलं एक वाळकं लाकूड. तेव्हाच मला कळलं की या प्राण्याला हुंगून पुढं जाणं माहीत नाही. याचे दात सारखे वाढतात, सारखं काहीतरी कुरतडल्याशिवाय याला चैन नाही, आणि जग समजून घ्यायचं तर हा आधी तोंडात घालून बघतो. माझी सर्वांत खालची फांदी त्याच्या कानांच्या जेमतेम वर होती. वाऱ्यानं ती खाली झुकली की माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

तुम्ही म्हणाल, गुरांना कधी घाबरली नाहीस आणि एका सशाला घाबरलीस? अहो, गुरं शहाणी होती. शहाण्यापासून कसलं भय!

नशीब, ऋतिकानं ठरवलं की रताळूला पिंजऱ्यात ठेवायचं नाही. त्याला स्वतःचं अंगण करायचं, जाळी बांधून, आत झाडं लावून. त्याला सावली हवी, लपायला झुडूप हवं आणि कुरतडायला फांद्या हव्यात. लगेच रविवारी चंद्रहास हौसेनं नर्सरीत गेला आणि कुंड्या घेऊन आला. एका कुंडीत ठिपक्या-ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं शोभेचं झाड होतं. दुसऱ्या कुंडीत जाड खोडाचं, गुलाबी फुलांचं अडेनियम. त्याची फुलं बघून मी ओळखलं की हे तर आमच्याच गोतावळ्यातलं. 

सेलिनबाई भिंतीपलीकडून बघत होत्या. त्या फाटकातून आत आल्या.

"चंद्रहास, हे काय रे उचलून आणलंस?"

"का? नर्सरीवाला बोलला, एकदम सेफ. मेन्टेनन्स पण नाही."

"कोणासाठी सेफ? तुझ्यासाठी? तू काय झाडं चावतोस?"

ऋतिका खुदकन हसली. सेलिनबाई हसल्या नाहीत. त्यांच्याकडच्या एका सशानं कुंपणाची घाणेरी खाल्ली होती, तो कसा गेला ते त्यांनी थोडक्यात सांगितलं. मग दोन्ही कुंड्या उचलून त्यांनी ओट्यावर ठेवल्या आणि ऋतिकाचा हात धरून अंगणभर फिरायला सुरुवात केली. आत्या गजरा ओवता ओवता उठून त्यांच्यामागं निघाली.

मित्रांनो, परीक्षेच्या निकालाला तुम्ही शाळेत रांगेत उभे राहता ना? तसे आम्ही सगळे उभे होतो.

"चाफा नको," सेलिनबाई म्हणाल्या. "मोडला की पांढरा चीक येतो ना, तो वाईट. ही सदाफुली काढ, ती पण वाईट. दिसते गरीब."

चाफा, सदाफुली, अडेनियम. सगळे माझे नातेवाईक. आमचं कुळच तसलं, त्याला काय करणार! एकेकाचं नाव निघत होतं आणि मी वाळत होते.

"मग लावायचं तरी काय?" ऋतिकाचा चेहरा उतरला होता.

"जास्वंद लाव. पान खातो, फूल पण खातो, जिवाला काही होत नाही. सावलीला तुती लाव, पटकन वाढते, पाला रोज टाकता येतो. केळ आहे ती राहू दे. गुलाब चालतो, पेरू चालतो. पण रोप आणल्या आणल्या आत नाही न्यायचं हां. नर्सरीत औषध मारलेलं असतं. चार पाऊस पडू देत त्याच्यावर, नवीन पानं फुटू देत, मग."

"आणि एखादं झाड ठाऊकच नसलं तर?"

"तर लावायचंच नाही. खाऊन बघायला ससा ठेवलाय का आपण?"

बोलत बोलत त्या माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या.  त्या क्षणी मला दोन भीत्या एकदम वाटल्या. काढा म्हणाल्या तर मी संपले. राहू दे म्हणाल्या तर एक ना एक दिवस रताळू संपेल. यातली कुठली भीती मोठी होती, हे त्या वेळी मला विचारलं असतंत तर मी खरं उत्तर दिलं नसतं.

"हिला काढायला पाहिजे," सेलिनबाई म्हणाल्या.

"नय," आत्या एकदम म्हणाली. "ती माज्या बापानं लावलेली हाय. आन गनपतीला हिची पत्री लागते. ती जानार नय कुठं."

"चंद्रकांता, अगो विष आहे ते."

"मना सांगतेस? मना?" आत्याचा आवाज चढला. "माज्या तोंडात होतं ते पान. मी विसरेन?"

शेवटी तोडगा निघाला. रताळूचं अंगण वाडीच्या दुसऱ्या टोकाला, केळीपाशी बांधायचं. मधे अख्खं घराचं अंगण. सेलिनबाईंनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं. मी वाचले होते. मला एवढं हायसं वाटलं की मला माझीच लाज वाटली.

जाळी बांधून झाली. तुतीच्या फांद्या खोचल्या, जास्वंदी लावल्या, आणि पावसानं दोन्ही अशा फोफावल्या की बघत राहावं. ऋतिकानं नियम केला की रताळूच्या अंगणात चप्पल घालून कुणी जायचं नाही, बाहेरची घाण आत येते. आत्या तर देवघरात शिरावं तशी पाय धुऊन आत जायची. मी लांबून बघायची. रताळू तुतीखाली आडवा पडायचा, जास्वंदीचं फूल पाकळी पाकळी करून खायचा. हळूहळू माझी भीती निवळली. आमच्यामधे चांगलं ऐसपैस अंगण होतं, आणि झाडाला पाय नसतात.

मला पाय नव्हते, पण माझ्या पानांना मिळाले.

गणपतीचे दिवस आले. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. चतुर्थीला सकाळी आत्या अंघोळ करून, ओल्या केसांनी, परडी घेऊन पत्री गोळा करायला निघाली. पत्री म्हणजे देवाला वाहायची पानं. त्यात दूर्वा असतात, आघाडा असतो, बेल, तुळस, डाळिंब असतं. आणि त्यात धोत्रा असतो, रुई असते, मीही असते. वर्षभर ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्यांना तो एक दिवस मान मिळतो. आत्या माझ्यापाशी आली, फांदीला हात लावून म्हणाली, "चल गो, बोलवनं आलं तुला." तिनं माझी एक डहाळी खुडली. दुपारी भटजींच्या तोंडी माझं नाव आलं, माझं पान देवाच्या पायावर गेलं, आणि खिडकीतून आलेला तो आवाज ऐकून मी तुम्हाला काय सांगू, कशी तरारून उठले! खरोखर, विषारी झाडालाही कुणीतरी पायाशी जागा देतं, यापेक्षा मोठं काय हवं?

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं. त्याच्या पुढल्या दिवशी चंद्रहास, विनिता आणि ऋतिका चंदनसारला विनिताच्या भावाकडच्या गणपतीला गेले. आत्या एकटीच घरी होती. तिनं मखर आवरलं, पाट पुसला आणि निर्माल्य परातीत गोळा केलं.

निर्माल्याचं काय करायचं, हा तिचा दर वर्षीचा पेच. पूर्वी ते विहिरीत जायचं. विहीर बुजवली. तलावावर महापालिकेनं कलश ठेवला होता, पण त्यात पिशव्यांवर पिशव्या कोंबलेल्या बघून तिचं मन ते तिथं टाकायला घेत नसे. देवाचं फूल पायदळी जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. परात घेऊन ती ओट्यावर उभी राहिली आणि अंगणभर नजर फिरवत राहिली. मग तिचा चेहरा उजळला.

साऱ्या वाडीत चप्पल न लागणारी एकच जागा होती.

मी बघत होते, मित्रांनो. तिनं पाय धुतले. जाळीचं दार उघडलं. "रताळू, ये रे बाळा. बाप्पानं दूर्वा पाठवल्यात तुला," असं म्हणत तिनं अख्खी परात तुतीखाली ओतली, हात जोडून नमस्कार केला आणि दार लावून ती घरात गेली.

तिला विसर पडला होता का? नाही. आजही कुणी तिला विचारलं असतं तर झोपेतसुद्धा तिनं सांगितलं असतं की कण्हेर विषारी असते. पण ती कुंपणावरची कण्हेर. देवाच्या पायावरून उतरलेलं पान तिच्यासाठी कण्हेर उरलंच नव्हतं. तो प्रसाद होता, आणि प्रसाद कुणाला बाधतो, हे तिच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

मला माझं पान लगेच ओळखू आलं. लांबट, निमुळतं, मधे फिकट शीर. ते ताजं असतं तर माझी आशा सुटली नसती, कारण ताजं पान फार कडू, एका चाव्यात थुंकून टाकावं असं. पण आम्ही सुकलो की कडूपणा उतरतो. विष काही उतरत नाही.

रताळू आला. त्यानं ढीग हुंगला. आधी दूर्वा उचलल्या. खा, बाळा, खा, पोटभर दूर्वाच खा, असं मी मनात म्हणत होते. दूर्वांची जुडी संपली. मग त्यानं जास्वंदीचं कोमेजलेलं फूल घेतलं. मग तो रुईच्या जाड पानापाशी थांबला, त्याला नाक लावलं, आणि ते त्यानं सोडून दिलं. मला वाटलं, आला हा शहाण्यांत! आता तो वळेल, केळीखाली जाऊन झोपेल. तो वळलासुद्धा. पण वळताना त्याच्या पायानं ढीग विस्कटला आणि माझं पान वर आलं.

झाडाला ओरडता येत नाही. हे मला जन्मभर कधी खटकलं नव्हतं. त्या दुपारी माझ्या फांदीफांदीतून ओरडणं दाटून आलं आणि बाहेर काही म्हणजे काही आलं नाही. पानाचं देठ त्याच्या तोंडात होतं. पान हलत होतं आणि आखूड होत होतं. घरातून आत्याचा भांडी घासण्याचा आवाज येत होता. ती गणपतीची आरती गुणगुणत होती.

अर्ध्यावर आल्यावर त्यानं पान टाकलं. का टाकलं, कुणास ठाऊक. थोडा वेळ तो नेहमीसारखा बसला. मग पाठीचा बाक करून, डोळे अर्धवट मिटून, कोपऱ्यात गोळा होऊन बसला.

चंदनसारहून आल्या आल्या ऋतिका सवयीनं आधी रताळूकडेच धावली. तिनं मोदक आणला होता, त्याला दाखवायला.

"आत्या, रताळू असा का बसलाय?" आणि मग वेगळ्याच आवाजात, "बाबा! बाबा, हे पान कशाचं आहे?"

तिच्या हातात माझं अर्धं पान होतं. चंद्रहास धावला. भिंतीपलीकडून सेलिनबाई आल्या. आत्या ओले हात पदराला पुसत बाहेर आली आणि तिनं ते पान बघितलं.

"मीच घातलं गो त्याला," ती म्हणाली. "पत्री होती ती. मना वाटलंच नय... देवाचं म्हनून दिलं मी."

  चंद्रहासनं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, एक मिनिट घालवू नका, सशाला ओकता येत नाही, पोटात गेलेलं उलटून पडत नाही. "उरलेलं पान बरोबर घे," सेलिनबाई म्हणाल्या, "काय खाल्लं ते डॉक्टरला दाखवायला पाहिजे." रताळूला टॉवेलात गुंडाळलं. ऋतिका त्याला छातीशी धरून स्कूटरवर मागं बसली. ती रडत नव्हती. तिचे दात वाजत होते.

स्कूटर गेली. विनिता फोन हातात धरून ओट्यावर बसली. आत्यानं तुतीखालचं सगळं निर्माल्य एक एक काडी करून वेचलं, परातीत घेतलं, आणि ती परात घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं माझ्या खोडाला लावायला हात पुढं केला आणि मधेच मागं घेतला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींसमोर तशाच उभ्या होतो. दोघींनाही एकच भीती होती आणि ती एकमेकींना सांगायची सोय नव्हती.

संध्याकाळी फोन वाजला. पोटातलं विष शोषून घ्यायला कोळशाचं औषध पाजलं होतं. सलाइन लावलं होतं. हृदयाचे ठोके चुकत होते.

"वाचंल ना रे?" आत्यानं विचारलं.

"डॉक्टर काही बोलत नाहीत, ताई," पलीकडून चंद्रहास म्हणाला. "ऋतू त्याच्यापासून हलत नाही."

पुढचा दिवस मी कसा काढला, ते माझं मला ठाऊक. फाटक वाजलं की माझा जीव पानापानाच्या टोकाला यायचा. ऋतिका रिकाम्या हातांनी येईल आणि माझ्याकडे बघेल. बस, एवढंच दृश्य मला सारखं दिसत होतं. ती मारेल, शिव्या देईल, याचं भय नव्हतं. ती नुसती बघेल, याचं होतं.

त्यानंतरच्या दिवशी फाटक वाजलं. ऋतिकाच्या हातात टॉवेल होता आणि टॉवेलातून दोन तपकिरी कान बाहेर आले होते. रताळू निम्मा झाला होता. त्याला तुतीखाली ठेवलं तेव्हा तो एका कुशीवर कलंडला, परत सावरला, आणि बऱ्याच वेळानं त्यानं जास्वंदीचं एक पान तोंडात घेतलं. आत्या ते बघून तोंडाला पदर लावून घरात पळाली. पान थोडंच पोटात गेलं होतं आणि वेळेवर नेलं, म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणाले होते. आणखी एक पान गेलं असतं तर माझी ही गोष्ट तुम्हाला सांगायचं धाडस मी केलं नसतं.

आता शेवटचं ऐका.

काल सगळे अंगणात बसले होते. आत्या म्हणाली, "चंद्रहास, कण्हेर काढून टाक."

"आत्या, तिनं काय केलं?" ऋतिका उसळून म्हणाली. "ती जागची हललीसुद्धा नाही. आपणच नेलं ना तिला तिकडे!"

मित्रांनो, माझ्यासाठी कुणी असं कधी बोललं नव्हतं. रताळूच्या जिवावर बेतलं होतं, आणि जिचा तो रताळू, तीच माझ्या बाजूनं भांडत होती. मला वाटलं, आता तोडलं तरी चालेल.

 आत्यानं ऋतिकाला जवळ ओढलं. "तिनं नय गो काय केलं. केलं मी. मी म्हनायची, मी कशी विसरेन? आन विसरले. पुढल्या वर्सी परत विसरेन. माज्या बापाचं झाड म्हनून मी ते ठेवलं, आन तुजा ससा माज्या हातानं जात होता." तिनं डोळे पुसले. "माजाच भरवसा मना रायला नय. झाड काढ."

 ऋतिकानं आत्याच्या मांडीत तोंड लपवलं.

तर उद्या चंद्रहास करवत घेऊन येणार आहे. तुटण्याची मला भीती वाटत नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. वाटते. पण आत्याचं म्हणणं खरं आहे. झाडाला स्वतःला आवर घालता येत नाही आणि माणसाला कायम आठवण राहत नाही. अशा दोघांच्या मधे मुका जीव ठेवू नये.

तुम्ही ससा पाळाल, आणखी काही पाळाल. अंगणात एखादं झाड लावण्याआधी त्याचं नाव विचारा. नाव कळलं की ते कुणाला बाधतं तेही विचारा. घरात शिरलेलं, परडीत ठेवलेलं, देवाला वाहिलेलं पानही हातात घेऊन एकदा नीट बघा. हाराफुलांत गेलं म्हणून आमचा स्वभाव बदलत नाही.

आणि माझं एक मागणं आहे, ते कुणीतरी चंद्रहासला सांगा. मला जाळू नकोस म्हणावं, माझा धूरही वाईट. तोडलेल्या फांद्या कचऱ्याची गाडी येईपर्यंत फाटकापाशी टाकून ठेवू नकोस, उन्हात वाळलेली पानं गोड लागतात. गोणीत भर, तोंड घट्ट बांध, आणि मग गुडघ्यावर बसून माती चाळ. एक पानसुद्धा राहू देऊ नकोस. मी वाडीच्या पश्चिम टोकाला आहे, रताळू पूर्वेला, आणि या दिवसांत वारा इकडून तिकडे वाहतो.